कांदा पायावर, डालडा पिशवीत: बालवाडीत ध्रुवप्रदेश शिकवताना

डिसेंबर लागला की निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या सुरू होतात. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात आज किती अंश नोंदले गेले, द्राक्षबागांत पहाटे शेकोट्या कशा पेटवल्या, हे घरोघरी बोललं जातं आणि मुलांच्या कानावर पडतं. माझी बालवाडी पंचवटीत आहे. या दिवसांत मुलं कानटोपी, स्वेटर, वरून आजीची शाल अशी येतात आणि दारातच हात चोळत उभी राहतात. ध्रुवप्रदेश शिकवायला याहून चांगला मुहूर्त नाही. एप्रिलच्या उन्हात पेंग्विन रंगवून घेतला, तर तो नुसता काळा-पांढरा रंग होतो.

गेली एकोणीस वर्षं मी चार ते सहा वर्षांच्या मुलांना शिकवते आहे. सुरुवातीची काही वर्षं हा विषय मी चुकीचाच शिकवला. कापूस चिकटवून बर्फ केला, थर्माकोलचा इग्लू केला, त्याच्या दाराशी एका बाजूला पेंग्विन आणि दुसऱ्या बाजूला पांढरं अस्वल. पालकांना फार आवडलं, फोटो काढले. महिन्याभराने मी सहज विचारलं, "काय रे, तिकडचा बर्फ कसा असतो?" तर शर्विल म्हणाला, "मऊ, कापसासारखा. गरम." त्याचं काहीच चुकलं नव्हतं. मी जे हातात दिलं, तेच तो शिकला होता.

तेव्हापासून थंडी आधी, चित्रं नंतर. पंधरा दिवस, रोज वीस-पंचवीस मिनिटं, आणि प्रत्येक प्राण्यापाशी एकच प्रश्न: याला थंडी का वाजत नाही? किती नावं पाठ झाली हे मी बघत नाही. पेंग्विन, पांढरं अस्वल, सील, वॉलरस आणि हिमकोल्हा एवढे पाच पुरे होतात. एकदा हा प्रश्न मुलांच्या तोंडी बसला की सहाव्या प्राण्याला ती तो स्वतःच विचारतात.

आधी आपली थंडी, मग त्यांची

पहिल्या दिवशी गोलात बसून विचारायचं, सकाळी थंडी कुठे वाजली? नाक, कान, पायाची बोटं अशी उत्तरं येतात. मग विचारायचं, थंडी वाजली की तुम्ही अंथरुणात हातपाय पसरता की मुटकुळं करता? मुलं लगेच जमिनीवर मुटकुळं करून दाखवतात. तिथेच हिमकोल्ह्याचं चित्र पुढे ठेवायचं. तोही असाच मुटकुळं करून झोपतो आणि झुपकेदार शेपूट नाकावर ओढून घेतो, मफलरसारखी. त्याचे कान इवलेसे असतात, कारण जेवढं अंग बाहेर तेवढी थंडी जास्त. शेजारी हत्तीचं चित्र ठेवलं तर हत्तीचे कान सुपाएवढे का, हेही मुलं आपणहून बोलायला लागतात. हिमकोल्हा हिवाळ्यात पांढरा असतो आणि उन्हाळ्यात तपकिरी होतो, हे सांगताना चित्रंही दोन हवीत.

दुसऱ्या दिवसासाठी घरून एक गोधडी आणायची, जुन्या लुगड्यांची असेल तर उत्तम. मुलांना विचारायचं, गोधडी गरम असते का? सगळी एका सुरात "हो" म्हणतात. मग बर्फाचे दोन सारखे खडे घ्यायचे. एक वाटीत उघडा ठेवायचा, दुसरा छोट्या प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून गोधडीच्या घडीत गुंडाळायचा. आधी कोण विरघळेल? आजवर माझ्या वर्गात मुलांनी ठामपणे गोधडीतलाच सांगितला आहे. अर्ध्या-पाऊण तासाने, डबा खाऊन झाल्यावर, गोधडी उलगडायची. वाटीतल्या खड्याचं पाणी होत आलेलं असतं आणि गोधडीतला अजून शाबूत असतो.

त्या क्षणी मुलांचे चेहरे बघण्यासारखे असतात. आपण घाईघाईने समजावायला जायचं नाही, थोडं थांबायचं. मागच्या वर्षी ओवी बराच वेळ तो खडा बघत राहिली आणि म्हणाली, "गोधडी गरम करत नाही. ती आतलं आतच ठेवते." मी यापेक्षा सोपं सांगू शकले नसते. आपली ऊब आत अडते, बर्फाचा गारवाही आत अडतो. बर्फवाला लादी गोणपाटात का गुंडाळतो, तेही याच दिवशी सांगून होतं. गोधडीच्या थरांमध्ये हवा अडकलेली असते, पेंग्विनच्या दाट पिसांमध्येही हवाच अडकलेली असते. वर्गात मी म्हणते, पेंग्विन जन्मभर गोधडी पांघरूनच असतो.

लादी आणि भुगा

मराठीत आपण दोन्हीला बर्फच म्हणतो, त्यामुळे आकाशातून फ्रिजमधले चौकोनी खडे पडतात अशी मुलांची समजूत असते. हा गोंधळ गोळ्याच्या गाडीवर सुटतो. लादीचा एक स्वच्छ तुकडा आणि किसलेल्या बर्फाचा भुगा शेजारी शेजारी ठेवा. नदी-समुद्राचं पाणी गोठतं ती लादी. आकाशातून पडतं ते भुग्यासारखं, त्याला हिम म्हणायचं. इग्लू बांधतात तो घट्ट बसलेल्या हिमाच्या विटा कापून, कारण भुग्यात हवा असते आणि हवा म्हणजे पुन्हा गोधडी.

याच भुग्यावर पांढऱ्या अस्वलाचा धडा होतो. लादीचा तुकडा जवळजवळ काचेसारखा, आरपार दिसणारा. तोच किसला की पांढराशुभ्र. रंग कोणी लावला? कोणीच नाही. बारीक कणांवर उजेड आपटून सगळीकडे पसरतो, म्हणून ढीग पांढरा दिसतो. अस्वलाचंही तसंच आहे. त्याचा एकेक केस बिनरंगी असतो, सगळे मिळून पांढरे दिसतात आणि केसांखालची कातडी तर काळी असते. मी काळा कागद देते, मुलं त्यावर पांढऱ्या खडूने केस काढतात. नाक काळंच सोडायचं. पांढऱ्या कागदावर बाह्यरेषा काढण्यापेक्षा यातून अस्वल खरं कळतं.

डालड्याची पिशवी

हा सगळ्यात आवडता प्रयोग, म्हणून सविस्तर सांगते.

अर्ध्या लिटरच्या दुधाच्या रिकाम्या पिशव्या आठ-दहा दिवस आधीपासून जमवा. वरची कड सरळ कापून स्वच्छ धुवा, वाळवा. एका पिशवीत चार-पाच मोठे चमचे डालडा घाला. दुसरी पिशवी त्या पिशवीच्या आत सरकवा आणि बाहेरून हाताने दाबत डालडा दोन्हींच्या मध्ये सगळीकडे पसरवा, तळाशीसुद्धा. तळाला बोटं टेकतात आणि तिथे थर पातळ राहिला तर प्रयोग फसतो. मग दोन्ही पिशव्यांच्या कडा एकत्र घेऊन चिकटपट्टीने बंद करा. मुलाचा हात आतल्या पिशवीत जातो आणि त्याला डालडा लागत नाही. दुसऱ्या हातासाठी तशाच दोन पिशव्या एकात एक घाला, पण मध्ये काही नको. पिशवीमुळे फरक पडला की चरबीमुळे, हे मुलांना त्याशिवाय कळणार नाही.

घमेल्यात पाणी आणि भरपूर बर्फ. दोन्ही हात एकदम बुडवायचे आणि सगळ्यांनी मोठ्याने दहापर्यंत मोजायचं. रिकाम्या पिशवीतला हात पाच-सहालाच बाहेर येतो. डालड्याचा हात दहा झाले तरी आतच असतो. दहाच्या पुढे जायचं नाही आणि ज्याला नको असेल त्याला आग्रह करायचा नाही. मागे एक मूल नुसतं बघत बसलं होतं, चौथ्या दिवशी स्वतःहून पुढे आलं.

हात पुसून झाले की सील आणि वॉलरसची चित्रं दाखवायची. कातडीखाली हा असा थर. अस्वलाच्या अंगावर तो दहा सेंटीमीटरपर्यंत जाड होतो. पट्टीवर दहा सेंटीमीटर दाखवा, मुलं आपल्या पोटाला चिमटा घेऊन बघतातच. अस्वल सील खातं ते मुख्यतः या चरबीसाठी, हेही मी सांगते. लहान मुलांपुढे शिकारीचं नाव नको, असं काही पालक म्हणतात. मला तसं वाटत नाही. सील मासे खातो आणि अस्वल सील खातं, एवढं शांतपणे सांगितलं की मुलं शांतपणे ऐकतात.

कांदा पायावर

एम्परर पेंग्विन ही बाबाची गोष्ट आहे आणि ती तशीच सांगावी. आई अंडं घालते आणि मासे खायला समुद्राकडे निघून जाते. ऐन हिवाळ्याच्या अंधारात बाबा ते अंडं दोन पायांवर घेतो, वरून पोटाची कातडी पांघरतो आणि सुमारे ६५ दिवस सांभाळतो. या साऱ्या काळात त्याचा उपास असतो, मागचे-पुढचे दिवस धरून जवळजवळ चार महिन्यांचा. आजीच्या एकादशीला निदान साबुदाणा तरी असतो, याला तोही नाही. ६५ दिवस म्हणजे किती, हे मुलांना कॅलेंडरवर दाखवा: संक्रांतीला अंडं पायावर घेतलं तर मार्चच्या वीस तारखेपर्यंत.

मग टोपलीतला एकेक मध्यम कांदा प्रत्येकाच्या पायावर. नाशकात कांद्याला तोटा नाही, आणि कांदा घरंगळला तरी फुटत नाही. हात न लावता पाय घासत घासत वर्गाच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जायचं. मग दोघांनी समोरासमोर उभं राहून कांदा एकाच्या पायावरून दुसऱ्याच्या पायावर द्यायचा. पेंग्विन आई-बाबांना हेच करावं लागतं, आणि अंडं बर्फावर फार वेळ राहिलं तर आतलं पिल्लू गोठून मरतं. खरं अंडं कांद्यापेक्षा बरंच मोठं असतं, साधारण साडेचारशे ग्रॅमचं. तेवढे बटाटे तराजूत तोलून एकदा मुलांच्या हातात द्या. ज्या मुलांचे बाबा कामासाठी बाहेरगावी असतात, ती या खेळात फार मन लावून चालतात, हे मी दरवर्षी बघते. त्या दिवशी त्यांना जरा जास्त वेळ द्यावा.

एम्परर ११५ सेंटीमीटरच्या आसपास उंच असतो. भिंतीवर तेवढ्या उंचीवर खडूची रेघ मारा आणि एकेकाला तिथे उभं करा. बहुतेक मुलं त्याच्यापेक्षा बुटकीच निघतात. चित्रात मुठीएवढा पाहिलेला पेंग्विन आपल्यापेक्षा उंच आहे, हे कळल्यावर वर्गात जो गलका होतो, तो होऊ द्यावा. मोठं नर अस्वल मागच्या पायांवर उभं राहिलं तर तीन मीटरपर्यंत जातं, म्हणजे थेट छत. आणि त्याच अस्वलाचं नुकतं जन्मलेलं पिल्लू एक किलोसुद्धा भरत नाही.

हजारो बाबा-पेंग्विन एकमेकांना चिकटून उभे राहतात, बाहेरचे हळूहळू आत येतात आणि आतले बाहेर सरकतात. हा खेळ मुलांकडून करून घ्याच. आणि ऊब खरंच टिकते का हे दाखवायला स्टीलचे आठ सारखे पेले घ्या. आंघोळीच्या पाण्याएवढं गरम पाणी सगळ्यांत सारखं भरा. सात पेले चिकटून ठेवायचे, एक मध्ये आणि सहा भोवती. आठवा दूर खिडकीपाशी एकटा. वीस मिनिटांनी मधल्या पेल्यात आणि एकट्या पेल्यात बोट बुडवायचं. थर्मामीटर लागत नाही.

अस्वल वर, पेंग्विन खाली

पेंग्विन आणि पांढरं अस्वल एकमेकांना कधी भेटत नाहीत. चित्रांच्या पुस्तकांत ते शेजारी शेजारी असतात, वाढदिवसाच्या केकवरही असतात, म्हणून हे मुद्दाम सांगावं लागतं. मी दोन भांडी वापरते. एका परातीच्या कडेने ओली माती थापायची आणि मधोमध पाणी ओतायचं: चारी बाजूंनी जमीन, मध्ये समुद्र, त्यावर तरंगता बर्फ. हा उत्तरेचा आर्क्टिक. दुसऱ्या परातीत पाणी भरायचं आणि मध्ये पालथी वाटी ठेवायची: चारी बाजूंनी समुद्र, मध्ये जमीन. हा दक्षिणेचा अंटार्क्टिका. अस्वल पहिल्या परातीत, पेंग्विन दुसऱ्या.

शिक्षकांसाठी एक आठवणीची खूण. ग्रीक भाषेत अस्वलाला 'आर्क्टोस' म्हणतात. आपण ज्याला सप्तर्षी म्हणतो, ते त्यांच्या मोठ्या अस्वलातले ठळक तारे. अस्वलाच्या तारकांखालचा तो आर्क्टिक आणि त्याच्या विरुद्ध टोकाचा तो अंटार्क्टिक. नाव ताऱ्यांवरून पडलं असलं, तरी खरी पांढरी अस्वलंही उत्तरेलाच आहेत, त्यामुळे मुलांना ते पक्कं लक्षात राहतं.

मुंबईला राणीच्या बागेत जाऊन आलेलं एखादं मूल हमखास म्हणतं, "ताई, पेंग्विन भायखळ्याला असतात." त्याला खोडून काढू नका. ते हम्बोल्ट पेंग्विन आहेत, पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचे. तिथे बर्फ नसतो. सगळे पेंग्विन बर्फातले नसतात, हे मूल आपल्या डोळ्यांनी पाहून आलेलं असतं.

अंटार्क्टिकाचा आकार सांगताना आकडे फेकून उपयोग नाही. आपल्यासारखे चार देश मावतील, एवढं म्हणावं. बर्फाची जाडी सांगायला मात्र आपल्याकडे कळसूबाई आहे, १६४६ मीटर. महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर, पण तिकडच्या बर्फाची सरासरी जाडी त्याहूनही जास्त. तुमच्या माहितीसाठी: रशियाच्या व्होस्टोक तळावर २१ जुलै १९८३ रोजी उणे ८९.२ अंश सेल्सिअस नोंदलं गेलं. मुलांना उणे कळत नाही. "फ्रीझरपेक्षा खूप खूप थंड" एवढं पुरतं.

तिथे आपली माणसं राहतात, हे सांगायला विसरू नका. डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली पहिली भारतीय मोहीम डिसेंबर १९८१ मध्ये गोव्याहून निघाली आणि ९ जानेवारी १९८२ ला अंटार्क्टिकावर उतरली. पुढे आपण तिथे पहिला तळ उभारला, त्याचं नाव 'दक्षिण गंगोत्री'. गोदावरीला आपण दक्षिण गंगा म्हणतो, त्यामुळे नाशिकच्या मुलांना हे नाव चटकन आपलं वाटतं. तो तळ बर्फाखाली गाडला गेला. आता १९८९ पासूनचा 'मैत्री' आणि २०१२ पासूनचा 'भारती' असे दोन तळ आहेत, आणि उत्तरेला नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर २००८ पासून 'हिमाद्री'. 'मैत्री'वर हिवाळ्यात सुमारे दोन महिने सूर्य उगवतच नाही. "मग शाळा कधी भरते?" असं जुईने विचारलं होतं. तिथे शाळा नाही, मुलंही राहत नाहीत. उत्तरेला आर्क्टिकमध्ये मात्र इनुइट लोकांची गावं आहेत, शाळा आहेत, आणि ते आता साध्या घरांत राहतात. इग्लू हा शिकारीला गेल्यावरचा तात्पुरता निवारा. थर्माकोलचा इग्लू करून मी वर्षानुवर्षं मुलांच्या मनात एक चुकीचं घर बांधत होते, याचं मला वाईट वाटतं.

मिठाबद्दल एक सावधगिरी

डब्यात प्लॅस्टिकचे प्राणी गोठवायचे आणि मुलांनी ते सोडवायचे, हा खेळ सगळीकडे चालतो. चमचा, कोमट पाणी, मीठ असं काहीही वापरू देतात. मी आता मीठ देत नाही. दोन वर्षांपूर्वी एका मुलीने मीठ लागलेला बर्फाचा खडा मुठीत घट्ट धरून ठेवला. सोडवायचा होता ना आतला सील. मी दुसऱ्या टोकाला होते. मूठ उघडली तेव्हा तळव्यावर पांढरट चट्टा होता आणि मग ती कळवळून रडली. कोमट पाण्यात हात धरला, आईला लगेच बोलावलं, डॉक्टरांकडे नेलं. आठवड्यात बरं झालं, पण चूक माझी होती. मीठ मिसळलेला बर्फ शून्याच्याही बराच खाली जातो. मटका कुल्फी त्याच्यावरच तर गोठते. मीठ दाखवायचंच असेल तर आपण टाकायचं आणि मुलांनी लांबून बघायचं. सुका बर्फ, म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, तर वर्गात आणूच नये.

बर्फ वितळतोय, अस्वलं संकटात आहेत, हा विषय मोठी मुलं काढतात. उत्तरेचा समुद्रावरचा बर्फ कमी होतोय, म्हणून अस्वलाला सील पकडायला कठीण जातं, एवढं खरं उत्तर मी देते. हाडं निघालेल्या अस्वलाचा फोटो दाखवत नाही. पाच वर्षांच्या मुलाने रात्री त्याचं काय करायचं?

शेवटच्या दिवशी हिमनग. फुग्यात पाणी भरून गाठ मारायची आणि वाटीत बसवून फ्रीझरमध्ये ठेवायचा. नारळाएवढा फुगा आतपर्यंत गोठायला दोन रात्री लागतात, म्हणून बुधवारी करायचं असेल तर सोमवारीच ठेवा. रबर आपणच सोलायचं आणि तुकडे मोजून कचऱ्यात टाकायचे, कारण लहान मुलं ते तोंडात घालतात. बादली पारदर्शक असली तर फार बरं. फुग्याचा बर्फ पाण्यात सोडला की साधारण नऊ हिस्से खाली बुडतात आणि एक वर राहतो. मुलांनी बादलीच्या बाजूला बसून आधी वरचा भाग काढायचा, मग खालचा. आणि डालड्याच्या पिशव्या मोरीत धुऊ नका, नळी तुंबते. आमच्या मावशी डालडा रद्दी पेपरने पुसून काढतात आणि मगच गरम पाणी वापरतात.